सातबाऱ्याची कुळकथा

२०१८ सालचा मार्च महिना. नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्याने पायी चालले होते. घोटी मागे पडली, इगतपुरी आली आणि मग ती माणसांची रांग कसाऱ्याचा घाट उतरू लागली. ६ मार्चला निघालेली ही मंडळी १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचली. वाट सुमारे १८० किलोमीटरांची. चालणाऱ्यांत आदिवासी बायामाणसे पुष्कळ होती, म्हातारीकोतारी होती. कित्येकांच्या पायांना फोड आले होते. मागण्या अनेक होत्या. त्यांतली एक मोठी मागणी अशी, की आम्ही कसतो ती वनजमीन आमच्या नावावर करा.

वाचकहो, आता जरा विचार करा. जमीन त्यांच्या पायांखाली होती. नांगर त्यांचाच, घामही त्यांचाच. नव्हती ती एक ओळ. सरकारी कागदावरची, आपल्या नावाची एक ओळ. तेवढ्यासाठी माणसे घाट उतरून मुंबई गाठतात, तेव्हा त्या ओळीत काहीतरी मोठे असले पाहिजे. ती ओळ कोण लिहितो, कोण तपासतो, कोण पाहू शकतो आणि चुकली तर जबाबदार कोण, या चार प्रश्नांचीच ही कथा आहे. हल्ली याला माहितीचा कारभार असे भारदस्त नाव मिळाले आहे; पण आपल्या गावांत हा कारभार फार जुना आहे.

पूर्वी गावचा हिशेब कुलकर्ण्याच्या रुमालात असे. रुमाल म्हणजे कागदांचे गाठोडे बांधण्याचे कापड. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, वतनदार कोण, हे सारे मोडी लिपीत लिहून त्या कापडात बांधलेले. शिवाजीमहाराजांच्या काळी जमीन काठीने मोजत. काठीची लांबी पाच हात आणि पाच मुठी. मोजणी झाली म्हणजे नोंद आलीच, आणि नोंद आली म्हणजे लेखणी आली. आता ही लेखणी वंशपरंपरेची. बापामागून मुलगा कुलकर्णी होई, आणि दप्तरही त्याच्याच घरी राही. कुलकर्णी भला असला तर गावाचे भाग्य. तसा नसला, तर ज्याला मोडी वाचता येत नाही त्याने दाद कोणाकडे मागायची? महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात निरक्षर शेतकरी लिहिणाऱ्यांच्या हातून कसा नाडला जातो, हे दुखणे पोटतिडकीने मांडले आहे. दोष एका माणसाचा किंवा एका जातीचा एवढाच नव्हता. लिहिणारा तोच, कागद सांभाळणारा तोच आणि वाचून दाखवणाराही तोच, अशी ती रीत होती. एकाच हातात तिन्ही गोष्टी आल्या, की चांगल्या माणसालाही मोह होतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी महसुलाचा कारभार हाती घेतला. सारा किती बसवायचा हे ठरवण्यासाठी त्यांना माहिती हवी होती. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पुणे भागात मोजणी सुरू केली. विचार मोठा शास्त्रीय. प्रत्येक शेताचे उत्पन्न किती, खर्च किती, उरले किती, हे काढायचे आणि त्याच्या ठरावीक हिश्श्याइतका सारा बसवायचा. कागदावर योजना सुंदर दिसत होती. पण शेतात उभे राहून आकडे लिहिणारे हाताखालचे लोक होते, आणि त्यांच्या लिहिण्यावर नीट तपासणी नव्हती. कोणी चिरीमिरी घेऊन चांगली जमीन हलकी लिहिली, कोणी न पाहताच लिहिले. वर बसलेल्या साहेबाने त्या आकड्यांवर काटेकोर गणित केले. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! सारा डोईजड झाला, इंदापुराकडे जमिनी पडीक पडल्या, माणसे गाव सोडून गेली. खोट्या आकड्याने उपासमार कशी येते, याचा हा धडा आहे.

मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातच नव्याने काम आरंभले. त्यांनी फार खोल सिद्धांत बाजूला ठेवले. शेत हे एकक धरले, त्याला क्रमांक दिला, हद्दीला दगड रोवले, नकाशा काढला. जमिनीची प्रत आण्यांत ठरवली. सोळा आणे म्हणजे उत्तम, मग उतरत्या भाजणीने खाली. मोजायची साखळी ३३ फुटांची. ती एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे आपला गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. शाळेत मुले हे कोष्टक पाठ करतात, पण त्यात ही साखळी दडलेली आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. गुरुजी, एकदा ३३ फुटांची दोरी घेऊन मुलांकडून शाळेच्या अंगणात गुंठा आखून घ्या. इतिहास आणि गणित एका तासात होतील.

या नव्या मोजणीत दोन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. एक, खालच्या माणसाने केलेले काम वरचा अधिकारी काही शेतांत स्वतः जाऊन पुन्हा पाही. दुसरी, एकदा ठरलेला आकार तीस वर्षे बदलायचा नाही. १८४७ साली या सगळ्याचे नियम एका संयुक्त अहवालात एकत्र झाले आणि मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली. टिपण, आकारबंद, सर्व्हे नंबर हे आजही आपल्या तोंडी असलेले शब्द त्या मोजणीशी जोडलेले आहेत.

पण वाचकहो, सरकारने माहिती गोळा केली ती कोणासाठी? आपल्या तिजोरीसाठी. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा हे उघड झाले. इनामदाराने आपला हक्क पुराव्याने दाखवायचा, आणि त्याची सनद सरकार जुन्या दप्तरांशी ताडून पाहणार. पेशव्यांचे दप्तर सरकारच्याच ताब्यात. कित्येकांची इनामे त्यात गेली. आता त्यांतली काही इनामे लबाडीने मिळवलेली असतीलही. पण ज्याच्या कपाटात सारे कागद, तोच वादी आणि तोच न्यायाधीश, असे झाले म्हणजे खऱ्यालाही धाप लागते. इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाने साऱ्या देशाच्या जमिनींची मोजदाद करवली, तेव्हा लोकांनी त्या पुस्तकाला ‘डूम्सडे’ म्हटले. डूम्सडे म्हणजे कयामतीचा दिवस. तेथे लिहिले गेले ते लिहिले गेले, त्यावर दाद नाही, असा त्याचा अर्थ. राज्य कोठलेही असो, एकतर्फी नोंदीचे भय सारखेच.

सरकारच्या कागदासारखाच सावकाराचा कागद. इगतपुरीला लागून असलेल्या अकोल्याच्या डोंगरांत देवगावचे राघोजी भांगरे सावकारीविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्यात त्यांना फाशी झाली. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे आणि हुकूमनामे बाहेर काढले आणि जाळले. ध्यानात घ्या, राग होता तो कागदावर. आपण काय लिहून दिले हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याने ते लिहिणेच नाहीसे करू पाहिले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या निबंधकापुढे व्हावे आणि न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, अशी सोय त्यात झाली. कागद बोलतो खरा, पण त्याला उलटे प्रश्न विचारता आले पाहिजेत, ही गोष्ट कायद्याने तेव्हा मान्य केली.

आता आपण सातबाऱ्यापाशी येऊ. मोजणीचे जुने कागद एवढेच सांगत, की या शेताचा सारा अमुक माणूस भरतो. जमिनीत हक्क कोणाकोणाचा, हे त्यात येत नसे. इगतपुरीच्या घाटातून १८६५ साली रेल्वे सुरू झाली, त्या काळी अशीच स्थिती होती. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा झाला आणि १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात सामावला. मालक, कूळ, गहाणदार, वारस यांचे हक्क आता लिहिले जाऊ लागले. अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावच्या हिशेबांची जी पुस्तिका तयार केली, तिने गाव नमुन्यांना शिस्त लावली. नमुने एकवीस. त्यांतला सातवा हक्काचा आणि बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले, म्हणून त्याचे नाव सात-बारा. सहावा नमुना म्हणजे फेरफार वही, आणि आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या साऱ्या जमिनींचा गोषवारा.

या फेरफाराच्या रीतीकडे मी तुमचे लक्ष मुद्दाम वेधतो. जमीन विकली, वाटली किंवा वारसाने आली, की तलाठी लगेच सातबारा बदलत नाही. आधी सहाव्या नमुन्यात नोंद. मग ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस आणि चावडीवर प्रसिद्धी. हरकत घ्यायला पंधरा दिवस. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत लिहायची आणि वरच्या अधिकाऱ्याने चौकशी करायची. नोंद मंजूर करणारा तलाठी नव्हे, तर मंडळ अधिकारी. हाताने लिहायच्या काळात तोवर सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर पेन्सिलीने लिहीत. मंजुरी झाली की शाईने. आणि जुने नाव? ते खोडायचे नाही, खरवडायचे नाही. त्याला कंस करायचा आणि फेरफाराचा क्रमांक घालायचा. म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी विचारले, की हे नाव का गेले, तर कंसापाशी बोट ठेवून फेरफार वही उघडता येते.

साधीच रीत दिसते, नाही का? पण कुलकर्ण्याच्या रुमालाशी तुलना करून पाहा. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. ज्याच्याविषयी लिहिले त्याला कळवायचे. त्याचे ऐकायचे. आणि जुने पुसायचे नाही. आपल्या आजच्या १९६६ च्या महसूल संहितेतही हीच चौकट आहे. तिच्या १५७ व्या कलमाप्रमाणे हक्कनोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते. येथे एक गैरसमज दूर करतो. सातबारा हा मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. तरी पण नोंद आपल्या बाजूची असली, की सिद्ध करण्याचे ओझे समोरच्यावर पडते. गरिबाला हा फरक केवढा मोठा!

१९५१ च्या १ मे रोजी कुलकर्णी वतने कायद्याने संपली आणि वंशपरंपरेची लेखणी गेली. तिच्या जागी पगारी, बदली होणारा तलाठी सर्वत्र आला. २०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पण रीत चांगली असली म्हणून कारभार चांगला होतोच असे नाही. कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात होते, त्याच्या घरी दिवाळी झाली. ज्याने वर्षानुवर्षे कसली पण नाव लागलेच नव्हते, त्याला साक्षीपुराव्यासाठी वणवण करावी लागली. रकाना छापलेला होता. तो भरला आहे का, हे पाहायला शेतकरी गेला नव्हता, किंवा त्याला जाऊ दिले नव्हते.

इगतपुरी तालुक्यात हे अधिकच खरे. हा महादेव कोळी, ठाकूर लोकांचा, भातखाचरांचा, मुसळधार पावसाचा मुलूख. येथे कागद सांभाळणे हेच एक काम. जुन्या घरांत ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले सापडतात. आणि हाच मुलूख मोठमोठ्या कामांच्या वाटेवर. आधी रेल्वे, मग १९१६ साली पुरे झालेले दारणा धरण, पुढे वैतरणेचे पाणी मुंबईकडे, आणि आता समृद्धी महामार्ग, ज्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जमीन घेण्याची वेळ आली, की पहिला प्रश्न एकच: कागदावर नाव कोणाचे? मोबदल्याचा हिशेब त्या नावापासून सुरू होतो. आजोबांचे नाव तसेच राहिले असेल, बहिणींची नावे लागलीच नसतील, तर भांडण घरात शिरते.

पण याच कागदाने आदिवासींना आधारही दिला आहे. आदिवासींच्या जमिनी हातातून जात आहेत हे पाहून १९७४ साली राज्याने कायदे केले. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर कडक बंधन आले. शिवाय १ एप्रिल १९५७ पासून त्या दिवसापर्यंत अशा रीतीने गेलेल्या जमिनी काही अटींवर परत देण्याचा कायदा झाला. अर्ज नसला तरी अधिकाऱ्याने स्वतःहून चौकशी करावी, अशी तरतूद त्यात आहे. आता सतरा वर्षांत कोणाची जमीन कोणाकडे गेली, हे शोधायचे कोठे? फेरफार वहीतच ना! जुने नाव खरवडून टाकायची रीत असती, तर परत कोणाला द्यायचे हेच कळले नसते. ज्या नोंदीने जमीन गेली, तीच नोंद ती परत मागायला उपयोगी पडली. कंसाची किंमत ही अशी आहे.

आणि ज्यांच्यापाशी कागदच नव्हता त्यांचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने तोही विचार केला. दावा ग्रामसभेपुढे येतो, आणि पुराव्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही चालतो. म्हाताऱ्याची आठवण सरकारने पुरावा म्हणून मानली, ही लहान गोष्ट नाही. सुरुवातीला सांगितलेले चालणारे लोक याच कायद्याची अंमलबजावणी मागत होते.

आता यंत्राचा काळ आला आहे. सातबारा संगणकात गेला. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले; संगणकातला सातबारा लोकांना वाचून दाखवायचा आणि चूक असल्यास तेथेच सांगायची. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी शेतकरी स्वतः मोबाईलवर नोंदवू लागला. म्हणजे शंभर वर्षे ज्याच्याविषयी लिहिले जात होते, तो स्वतः एक रकाना लिहू लागला. २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. या नावातच कबुली आहे, की पुष्कळ सातबारे मृतांच्या नावावर चालले होते.

पण यंत्र म्हणजे नवा रुमाल, एवढेच. त्यात भरताना एक आकडा चुकला, तर चूक आता सुबक छापून येते आणि म्हणून अधिक खरी वाटते. प्रिंगलसाहेबाचे गणितही सुबकच होते. दुसरे असे, की पूर्वी सातबारा पाहायला तलाठ्याकडे जावे लागे. आता गट नंबर ठाऊक असला, की दूर शहरात बसलेलाही तो पाहू शकतो. रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला, की कोणाचे घर अडचणीत आहे, कोणाचा बोजा थकला आहे, हे शोधणाराही तोच कागद पाहतो. नोंद उघडी असावी, कारण उघडेपणानेच लबाडी सापडते. पण माणसाचे खासगीपण उघडे पडू नये. या दोहोंचा तोल राखणे हे आजचे अवघड काम आहे. २००५ च्या माहिती अधिकाराने आपल्याला सरकारचे कागद पाहण्याचा हक्क दिला. आधारचा पहिला क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी दिला गेला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. सरकारजवळ आपली माहिती असणे वेगळे आणि ती सरकारच्या मालकीची असणे वेगळे, ही जाणीव आता कायद्यात उतरू लागली आहे.

तेव्हा वाचकहो, शेवटी कामाचे दोन शब्द. भात लावणी उरकली, की एक संध्याकाळ काढा. घरचा सातबारा आणि आठ-अ काढून आणा. नाव, क्षेत्र, इतर हक्काचा रकाना आणि पिकाचा रकाना मोठ्याने वाचा. घरातल्या बायकांना जवळ बसवा. त्यांची नावे आहेत का ते पाहा. कंसातली नावे दिसली, तर म्हाताऱ्यांना विचारा, ही माणसे कोण आणि ती कंसात का गेली. काही चुकले असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गुरुजी, तुमच्या वर्गात एक जुना सातबारा भिंतीवर लावा आणि मुलांना तो वाचायला शिकवा. आपल्या आजोबा-पणजोबांना जो कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला, तो आपल्या मुलीने स्वतः वाचून दाखवावा. गावच्या दप्तराची खरी तपासणी तिच्यापासूनच सुरू होईल.